पेटीतलं पाणी

आमच्या घरात अंडं खायला मिळायचं ते सातव्या दिवशी. दारात चाळीसेक कोंबड्या, रोजची बारा-पंधरा अंडी, पण चांगलं अंडं फोडून तव्यावर टाकायची कुणाची छाती नव्हती. अंडी पेटीत जायची. सातव्या दिवशी अण्णा, म्हणजे माझे वडील, खोलीची खिडकी पोत्यानं झाकायचे आणि पेटीतलं एकेक अंडं काढून पुठ्ठ्याच्या नळकांड्यातून बल्बसमोर धरायचे. आत लाल शिरांचं जाळं दिसलं, मधला काळा ठिपका हलला, की ते अंडं परत पेटीत. नुसताच पिवळा उजेड आरपार आला की ते वांझ. वांझ अंडी आमची. माझी मोठी बहीण शकू, जिला मी अक्का म्हणते, आणि मी अण्णांच्या पाठीमागे उभ्या राहून मनातल्या मनात ‘वांझ, वांझ’ म्हणत राहायचो. अण्णांना ते ऐकू यायचं की काय कोण जाणे. ते मागं न बघताच म्हणायचे, “लई नजर लावू नका, भवान्यांनो. समदीच वांझ निघाली तर पुढच्या सालाला अंड्याचं चित्र काढून खावं लागंल.” पाच-सहा तरी निघायचीच. त्या दिवशी माय कांदा जास्त आणि अंडं कमी अशी भुर्जी करायची, आणि ज्वारीच्या भाकरीवर ती पसरून आम्ही चौघं खायचो. अंड्याला सात दिवस उबेत राहिल्याचा एक जडसर वास असे. मला तो वास म्हणजेच अंड्याचा वास वाटायचा. पुढे बीडला एका लग्नात ताजं उकडलेलं अंडं खाल्लं तेव्हा ते मला बेचव लागलं.

अण्णांचं चौसाळ्यात हायवेच्या कडेला मोटार बांधायचं दुकान होतं. मोटार बांधायची म्हणजे विहिरीवरची जळालेली पाण्याची मोटार उघडून तिची तांब्याची तार नव्यानं गुंडाळायची. दुकान पुढं, घर मागं. दिवसभर तार गुंडाळायच्या यंत्राची कुरकुर, वार्निशचा उग्र दर्प आणि बाहेर ट्रकांचे हॉर्न, यातच आम्ही वाढलो. पेटी अण्णांनीच बनवली होती. किराणा दुकानातून आणलेला चहाचा लाकडी खोका, आतून थर्माकोल, वरच्या झाकणात काचेचा तुकडा, चाळीसचे दोन बल्ब, मधे जाळीची चाळण आणि चाळणीखाली ॲल्युमिनियमचं ताट. त्या ताटात पाणी. काचेतून थर्मामीटर दिसायचा. पारा फॅरनहाइटच्या शंभराच्या खुणेवर ठेवायचा. वर गेला की एक बल्ब बंद, खाली आला की दोन्ही चालू. वीज गेली की माय चुलीवर पाणी तापवायची, ते काचेच्या बाटल्यांत भरून फडक्यात गुंडाळायचं आणि अंड्यांच्या कडेनं लावायचं. प्रत्येक अंड्याला पेन्सिलीनं एका अंगाला फुली, दुसऱ्या अंगाला गोल. दिवसातून तीनदा फुल्यांचे गोल करायचे आणि गोलांच्या फुल्या. हे काम माझं. मी तेव्हा चौदा वर्षांची होते, आठवीत होते आणि शाळेतल्या कुठल्याही विषयापेक्षा हा विषय मला बरा समजत होता.

आज माझ्या हॅचरीत मशीन आपलं आपण अंडी फिरवतं, आपलं आपण ओल राखतं आणि बिघडलं तर शिट्टी मारतं. तरी मी दिवसातून तीनदा जाऊन बघते. लोकांना तो माझा काटेकोरपणा वाटतो. वाटू दे.

जोड्या निवडण्याचं काम अण्णांनी मला कधी दिलं ते आठवत नाही, पण दिलं होतं. कोंबडा कोणता ठेवायचा, त्याच्यासोबत खुराड्यात कोणत्या तलंगा कोंडायच्या, हे मी ठरवायचे. तलंग म्हणजे नुकतीच अंड्यावर येणारी कोंबडी. अण्णा फक्त एवढंच बघायचे की कोंबडा लंगडा नाही, तुरा फिका नाही आणि कोंबडी मागच्या वेळी मानमोडीच्या साथीतून वाचलेली आहे. रंगरूप माझ्यावर सोडलेलं. आमच्याकडे राजा नावाचा एक कोंबडा होता. अंगानं काळा, मानेवर तांबूस पिसं, चाल अशी की समोरून बस आली तरी बाजूला होणार नाही. त्याच्याच चार लेकी त्या वर्षी अंड्यावर आल्या होत्या आणि चौघींनी मानेची ती तांबूस पिसं उचलली होती. मला वाटलं, राजाला या चौघींसोबतच कोंडलं तर पिल्लं एकसारखी देखणी निघतील. अण्णांना विचारलं. ते मोटारीत डोकं घालून बसले होते. “तुला पटतंय ना? मग लाव,” एवढंच म्हणाले. मी आठ दिवस त्या चौघींची अंडी गोळा केली. चोवीस भरली. चैत्र नुकताच लागला होता.

चैत्रात आमच्याकडे पाण्याचा टँकर चौथ्या दिवशी यायचा. घरातल्या पाण्याची वाटणी मायनं ठरवलेली होती. दोन हंडे प्यायला, एक स्वयंपाकाला, एक भांड्यांना, कोंबड्यांना एक बादली आणि पेटीला दिवसाचे दोन तांबे. पेटीचे दोन तांबे वेगळ्या कळशीत ठेवलेले असत आणि त्यांना कुणी हात लावायचा नाही. त्या उन्हात बल्बच्या उबेनं ताट अर्ध्या दिवसात सुकायचं. अठराव्या दिवसानंतर तर ते क्षणभरही कोरडं पडू द्यायचं नाही, हे अण्णांनी मला शंभरदा सांगितलं होतं. हवा कोरडी झाली की कवचाच्या आतलं पांढरं कातडं वाळून पिल्लाला चिकटतं, त्याला आत वळता येत नाही, चोच मारता येत नाही, आणि तयार झालेलं पिल्लू दारातच मरतं.

अठराव्या दिवशी अक्कानं माझ्याकडे ते पाणी मागितलं. ती दहावी पास होऊन घरी बसली होती आणि तिला नर्सिंगला जायचं होतं. शाळेतल्या एका बाईंनी तिला फॉर्म आणून दिला होता. फॉर्मला फोटो लागत होता, फोटो काढायला बीडला जायचं होतं, आणि तिचे केस आठ दिवस धुतलेले नव्हते. “असल्या तेलकट डोक्यानं फोटो निघाला तर मला नर्स न्हाई, पेशंट म्हनून भरती करून घेतील,” ती म्हणाली. टँकर यायला अजून दोन दिवस होते. मी तिला कळशीतलं सगळं पाणी दिलं, दोन दिवसांचं. न्हाणीत तिच्या डोक्यावर मीच ओतलं. शिकेकाईचा फेस मोरीतून वाहून गेला आणि मला जराही भीती वाटली नाही. एखाद्या वेळी दोन दिवस ताट कोरडं राहिलं तर काय होतंय, असं मनात म्हटलं. फोटो चांगला आला. केस कानामागे, नजर सरळ. तो अजून माझ्याकडे आहे.

विसाव्या दिवशी पेटीला कान लावला की आतून टकटक ऐकू यायला हवी. फार बारीक आवाज असतो तो, जसं कुणी नखानं वाटी वाजवावी. त्या दिवशी ऐकू आला, पण तुटक. एकविसाव्या दिवशी, पाच वांझ वगळून उरलेल्या एकोणीस अंड्यांतून आठ पिल्लं बाहेर आली. बाकीची अकरा तशीच. अण्णांनी बाविसाव्या दिवशी अंगणात बसून ती एकेक फोडली. आत पूर्ण वाढलेली पिल्लं होती, पिसं अंगाला चिकटलेली, मान पंखाखाली. आणि जी आठ बाहेर आली होती, त्यांतल्या तिघांच्या चोची वाकड्या होत्या. वरची चोच एकीकडे, खालची दुसरीकडे, कात्री उघडावी तशी. एकाला एक डोळाच नव्हता. अण्णांनी मला विचारलं, “पानी घालत व्हतीस का?” मी म्हटलं, “हाव.” स्वयंपाकघराच्या दारात माय उभी होती. तिनं ताट कोरडं बघितलं होतं आणि न्हाणीतला शिकेकाईचा वासही तिला कळला होता. ती काही बोलली नाही. अण्णांचा मार ठाऊक होता तिला. त्या दिवशी तिनं आमची पाठ वाचवली.

अण्णा बराच वेळ त्या वाकड्या चोचीचं पिल्लू तळहातावर घेऊन बसले. मग म्हणाले, “रक्त एकच झालं. बाप-लेक लावले आपुन. चूक आपली हाय.” राजाला त्यांनी वेगळ्या डालग्याखाली कोंडलं, त्या चार तलंगा बाकीच्यांत सोडल्या आणि मोटारीवर नंबर टाकायचा पांढरा रंग घेऊन पेटीच्या झाकणावर लिहिलं: ‘एका घरातली जोडी लावू नये.’ अण्णांचं अक्षर वळणदार होतं. मी सुटले म्हणून मला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

दत्तूमामा मायचा धाकटा भाऊ. नेकनूरकडच्या आमच्या आजोळच्या गावाहून बीडला काळी-पिवळी जीप चालवायचा. अक्काहून आठ वर्षांनी मोठा. आमच्याकडे आला की हायवेवरूनच तीनदा हॉर्न वाजवायचा, आणि आम्ही पळत जायचो, कारण त्याच्या खिशात शेवचिवड्याची पुडी असायची. आजीची तब्येत खालावली होती आणि घरात दुसरी बाई नव्हती. चैत्र संपता संपता आजीचा निरोप आला, शकूला दत्तूला द्या. आमच्यात भाचीवर पहिला हक्क मामाचा. त्यात कुणाला वावगं वाटायचं नाही, उलट मागणी आली नसती तर मायला अपमान वाटला असता.

अक्कानं मला खुराड्यामागे गाठलं. “मला त्यानं खांद्यावर बसवून जत्रा दावलीय, सुमे. माझा शेंबूड पुसलाय. त्याला नवरा कसं म्हनू?” मी म्हटलं, मायला सांग. “मायला सांगून काय व्हतंय? अण्णा तुपलं ऐकत्यात. कोंबड्यांचं तुला कळतं म्हनत्यात. तू त्यांना पेटीवरचं वाचून दाव.” तिच्या कमरेला खोचलेला नर्सिंगचा फॉर्म घामानं ओला झाला होता. शेवटच्या तारखेला दहा दिवस होते.

दुपारी जेवताना मी विषय काढला. येसराची आमटी होती. हरभरा आणि धान्यं भाजून केलेल्या मसाल्याची ही आमटी माय दाट करायची आणि भाकरी कुस्करून ती खाताना कुणी बोलायचं नाही असा अलिखित नियम होता. मी म्हटलं, “अण्णा, पेटीवर तुमी काय लिवलंय?” अण्णांचा घास हातात राहिला. मायनं आधी माझ्याकडे बघितलं, मग हसली. “अगं बया! आता कोंबडी आमाला सोयरिकी शिकवनार. कोंबड्याचं आन् मानसाचं एकच का?” अण्णा हसले नाहीत. म्हणाले, “पोरगी उगं बोलत न्हाई. म्याच लिवलंय ते.” माय म्हणाली, “आन् तुमी-मी कोन व्हतो? तुमच्या मामाची लेक मी. आपली पोरं वाकडी निघाली का?” अण्णा हळूच म्हणाले, “मधी दोन गेली, त्यांचं काय?” अक्का आणि माझ्यामध्ये दोन मुलगे झाले होते. दोघंही वर्षाच्या आत गेले. त्यांच्याबद्दल आमच्या घरात कधीच बोलणं होत नसे. मी ते पहिल्यांदा अण्णांच्या तोंडून ऐकलं. माय ताट सरकवून उठली. जाता जाता म्हणाली, “ती तापानं गेली.”

दोन दिवस माय येता-जाता एकच म्हणत राहिली, सोयरिकीत खोट न्हाई. अण्णांनी आजीकडे निरोप पाठवला, इचार करून कळवतो. दुकानात बसल्या बसल्या ते मधूनच आत येऊन पेटीच्या झाकणाकडे बघून जायचे. अक्कानं मला तिच्या वाटणीचा गुळाचा खडा दिला. आम्हाला वाटलं, जिंकलं.

मायबद्दल मला इथं दोन वाक्यं लिहायलाच हवीत, नाहीतर ती वाचणाऱ्याला दुष्ट वाटेल. तिच्या बहिणीची मुलगी कमल परक्या घरी दिली होती, लांब, ओळख ना पाळख. सहा महिन्यांत तिला विहिरीतून काढली. माय ते प्रेत बघून आली होती. त्यानंतर तिच्या हिशोबी जगात दोनच प्रकारची घरं उरली, आपलं आणि विहिरीचं. ती सारखी म्हणायची, “मपल्या भावात काय खोट हाय? दारू न्हाई, हात उगारनं न्हाई. पोरगी जित्ती तर राहील.”

तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णा चहा पीत बसले होते. मायनं अक्काला हाताला धरून आणलं आणि पेटीजवळ बसवलं. मला हाक मारली. “सुमे, हिकडं ये. अक्काच्या डोक्यावर हात ठेव.” मी ठेवला. केस तेलकट होते, परत आठ दिवस झाले होते. माय म्हणाली, “आता अण्णाला सांग. शेवटच्या तीन दिसांत पेटीच्या ताटात पानी व्हतं का न्हवतं?”

आमच्याकडे डोक्यावर हात ठेवून खोटं बोललं तर ज्याच्या डोक्यावर हात असतो ते माणूस मरतं. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. ऊन असतं, तहान लागते, तसं ते माहीत होतं. गल्लीतली भांडणं याच्यावर मिटायची. मी मायकडे बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता, नुसतं थांबलेलं काम पुरं करायची घाई होती. अण्णा कप खाली ठेवून माझ्याकडे बघत होते. माझ्या हाताखाली अक्काचं डोकं अगदी स्थिर होतं. ती वर बघत नव्हती. मला खोटं बोलता येत होतं, आधी एकदा बोललेही होते. ‘व्हतं’ एवढा एकच शब्द पुरला असता. पण अक्का मेली असती.

मी म्हटलं, “न्हवतं.”

“दोन दिस?”

“दोन दिस.”

“पानी कुठं गेलं?”

“अक्कानं डोकं धुतलं.”

अण्णा उठले आणि त्यांनी मला एक थोबाडीत दिली. जोरात नाही. सवयीनं द्यावी तशी. मग म्हणाले, “म्हंजी जोडीत खोट न्हवती.” माय म्हणाली, “म्या काय सांगायले दोन दिस?” संध्याकाळी आजीकडे होकार गेला. दुसऱ्या दिवशी मायनं विळ्याच्या पाठीनं पेटीच्या झाकणावरची अक्षरं खरवडून काढली. पाहुणे येणार होते.

अण्णा मिस्त्री माणूस. दोष कुठं होता ते यंत्र चालवून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. त्यांनी त्याच दिवशी राजाला डालग्यातून काढून परत त्याच चार तलंगांसोबत कोंडला. मला म्हणाले, “परत लाव. आन् या टायमाला ताट कोरडं दिसलं तर तंगड्या मोडीन.” मी आठ दिवस अंडी जमवली, बावीस भरली, पेटीत लावली. पण लग्न कुणी पेटीसाठी थांबवत नाही. आजीचा भरवसा नव्हता, मुहूर्त संपत आले होते. होकारानंतर पंधराव्या दिवशी अक्काचं लग्न दुकानासमोरच्या मांडवात लागलं. मोटारी मांडवाबाहेर रांगेनं ठेवल्या होत्या आणि त्यांच्यावर पोरं बसली होती. नर्सिंगचा फॉर्म मी दप्तरात लपवला होता, त्याची तारीख तोवर उलटून गेली होती. पाठवणीच्या वेळी अक्का जीपमध्ये पुढच्या सीटवर बसली, तिथं ती लहानपणापासून बसायची. मामानं दार लावलं तेव्हा ती सवयीनं म्हणाली, “मामा, पदर अडकला.” बायका हसल्या. मामाही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते.

लग्नानंतर चौदा दिवसांनी पिल्लं बाहेर यायला लागली. या वेळी मी ताट एकदाही सुकू दिलं नव्हतं. लग्नाच्या गर्दीतही कळशी डोक्याशी घेऊन झोपले होते. सातव्या दिवशी चार कोरी निघाली होती, ती पाहुण्यांच्या नाष्ट्यात गेली. अठरापैकी पंधरा पिल्लं फुटली, खणखणीत, काळी. अण्णा खूश होते. पेटीचं झाकण उघडून ते एकेक पिल्लू चाळणीवरून उचलून टोपलीत ठेवत होते आणि मी मोजत होते. सहाव्या पिल्लापाशी त्यांचा हात थांबला. त्यांनी ते उजेडाकडे धरलं. चोच वाकडी होती. मग आणखी एक. मग आणखी दोन. चार. वरची चोच एकीकडे, खालची दुसरीकडे.

अण्णांनी झाकण लावलं. ती चार पिल्लं त्यांनी शर्टाच्या ओच्यात घेतली आणि मागच्या अंगणात गेले. परत आले तेव्हा ओचा रिकामा होता आणि हाताला माती होती. मी तिथंच उभी होते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “पान्यानं चोच वाकडी व्हत न्हाई, सुमे.” एवढंच. मायला त्यांनी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. सांगून जीप मागं फिरणार नव्हती. महिन्याभरात त्यांनी सगळ्या कोंबड्या विकल्या आणि पेटी माळ्यावर टाकली. माय अधूनमधून विचारायची, “कावून बंद केलं वो? चांगलं चाललं व्हतं की.” अण्णा म्हणायचे, मोटारींचं काम वाढलंय.

पहिल्यांदा पाणी होतं असं खोटं बोलले तेव्हा मी नकळत खऱ्याच्या बाजूला होते, आणि डोक्यावर हात ठेवून खरं बोलले तेव्हा खोट्याच्या. अकरा पिल्लं पाण्यानं मेली होती, तीन चोची रक्तानं वाकल्या होत्या. दोन्ही गोष्टी एकाच पेटीत एकाच वेळी झाल्या होत्या. मायनं फक्त पाण्याचं विचारलं, मी फक्त पाण्याचं सांगितलं. चोचीचं कुणी विचारलं नाही, आणि चौदा वर्षांच्या मला ते वेगळं काढून सांगता आलं नाही.

अक्काची पहिली मुलगी नऊ दिवस जगली. दुसरा मुलगा तीन वर्षांचा होईपर्यंत मान धरू शकला नाही. मामा त्याला जीपमध्ये मांडीवर घेऊन बसायचा, एका हातानं स्टिअरिंग, दुसऱ्या हातानं मान. दत्तूमामा वाईट नवरा नव्हता. माय खरंच बोलली होती, त्यानं कधी हात उगारला नाही. त्या मुलाला घेऊन अक्का आणि मी बीडला एका डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी विचारलं, “लग्न नात्यातलं आहे का?” अक्का म्हणाली, “नात्यातलं न्हाई. घरातलंच हाय.” डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. तो मुलगा पावसाळ्यात गेला. तिसरी वैशाली. ती जन्मापासून बहिरी आहे, आणि धडधाकट आहे, आणि माझ्या हॅचरीत काम करते. मामाच्या घरात असं झालं म्हणून प्रत्येक घरात असंच होतं असं मी म्हणत नाही. अशा लग्नातली खणखणीत पोरं असलेली पाच घरं मी आमच्या गल्लीत दाखवीन. पंधरातली अकरा पिल्लंही चांगलीच निघाली होती. पण ज्याच्या तळहातावर ती चार आली, त्याला अकराचं काय करायचं?

माय गेली तेव्हा तिला वैशालीचं बहिरेपण तापानं आलंय असंच वाटत होतं. अण्णा तिच्याआधी गेले. त्यांच्या माळ्यावरची पेटी मी उतरवून घेतली आणि त्या पेटीतच माझी पहिली शंभर पिल्लं काढली. झाकण तिरकं धरलं की खरवडलेल्या अक्षरांच्या खाचा अजून दिसतात.

परवा अक्का आली होती. मशीनमध्ये अंडी लावायची होती आणि वैशाली ट्रे भरत होती. तिला चोचींचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून ती अंडं गालाला लावून बघते, आणि तिचं कधी चुकत नाही. अक्का म्हणाली, “ही जोडी कुठून आनलीस?” मी म्हटलं, कोंबडा शिरूर कासारचा, कोंबड्या इथल्या. ती हसली. “लांबची सोयरीक केलीस.” मग मला काय झालं कोण जाणे. इतकी वर्षं जे पोटात ठेवलं ते मी तिला सांगून टाकलं. दुसऱ्या खेपेच्या चार चोची, अण्णांचा ओचा, मागचं अंगण, सगळं. म्हटलं, त्या दिवशी मी ‘व्हतं’ म्हणाले असते तर तू आज नर्स असतीस. म्हटलं, मला वाटलं तू मरशील.

अक्का ट्रेमधली अंडी सरळ करत होती. टोक खाली, बूड वर. तिनं ते थांबवलं नाही.

“मला काय वाटत व्हतं तुला ठावं हाय का?” ती म्हणाली. “तुपला हात माझ्या डोक्यावर हलका झाला. मला कळलं, तू आता खोटं बोलनार. आन् मी मनात म्हनत व्हते, खरं बोल गं सुमे, खरं बोल. मला मरायचं न्हाई.”

वैशालीनं ट्रे मशीनमध्ये सरकवला. अक्कानं खाली वाकून पाण्याच्या ताटात बोट बुडवून बघितलं, ओलं बोट पदराला पुसलं आणि दार लावलं.